बुकिंग घेतलं की लाईन द्यायची

मगदूम अण्णांनी समोरच्याच्या आधी फोन ठेवला असं कधी झालं नाही. बोलणं संपलेलं असे, दोन्हीकडून 'बरं, बरं' म्हणून झालेलं असे, तरी ते रिसीव्हर कानाला लावून उभे राहत. पलीकडून ठेवल्याचा आवाज आला की मगच खाली. समोरचाही असाच निघाला तर काय, असं मी एकदा विचारलं होतं.

"तसला एकच हुता," अण्णा म्हणाले. "सांगली एक्स्चेंजला. एकमेकाचा निरोप घ्यायला आमाला धा मिनटं लागायची."

अण्णा तीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. हे काम काय असायचं ते आता सांगावं लागतं. परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि घरी वाट बघत बसायचं. ऑपरेटर गावोगावच्या एक्स्चेंजशी भांडून लाईन मिळवणार, दोन्ही पार्ट्या जोडून देणार आणि तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारणार, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे कॉलचे तीन प्रकार. अण्णांनी जगातली सगळी कामं या तिनात वाटून टाकली होती. लायटनिंग म्हणजे मयत नाहीतर बाळंतपण. बाकी कशालाही ते लायटनिंग मानत नसत. माझ्या मुलीच्या कॉलेज प्रवेशाची शेवटची तारीख होती, तेव्हा मी घाईत होते. ती त्यांनी फार तर अर्जंटमध्ये बसवली.

निपाणीच्या अलीकडचं त्यांचं गाव. घरात कानडी, दारात मराठी. बेळगावच्या ऑपरेटरशी कानडीत भांडायचं आणि पुण्याच्या ऑपरेटरशी मराठीत. त्यात कानडीतलं भांडण लवकर मिटतं, असं त्यांचं मत होतं.

माझी कोल्हापुरात, शाहूपुरीत टायपिंगची संस्था आहे. सासऱ्यांनी टाइपरायटरवर सुरू केली, मी कॉम्प्युटर आणले. अण्णा माझ्याकडे पहिल्यांदा आले ते पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याला. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. चार वेळा पुसून, दाबून झालं. शेवटी उमटला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आता जिता हाय म्हणा की मी." मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि माझा फोन वाजला तो त्यांनीच उचलला. मी काही बोलायच्या आत "बोला, शाहूपुरी" म्हणून मोकळे. समोरच्या बाईला काय हवं ते विचारलं, चिठ्ठीवर लिहिलं, परत वाचून दाखवलं आणि तिनं ठेवेपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी अकराला परत आले. तिसऱ्या दिवशीही. मी येऊ दिलं. मला फोन घ्यायला माणूस हवाच होता आणि हा फुकट मिळत होता. त्या वर्षी चौकशीला आलेला एकही फोन माझ्याकडे वाया गेला नाही.

इंटरनेटच्या सभेचं प्रकरण मात्र माझ्यामुळे सुरू झालं आणि त्यातही माझा हेतू काही थोर नव्हता. इंटरनेट कुणा एकाच्या मालकीचं नसल्यामुळे त्याचे नियम, पत्ते, भाषा, समुद्राखालच्या केबल अशा सगळ्यावर बोलायला दरवर्षी कुठल्या तरी देशात मोठी आंतरराष्ट्रीय सभा भरते. सरकारं, कंपन्या, संस्था आणि साधे वापरणारे, कुणीही यावं असा तिचा नियम. म्हणजे विमानाचं तिकीट ज्याला परवडेल त्यानं. बाकीच्यांनी आपापल्या गावात चार जण जमवून केंद्र काढावं आणि तिथून ऑनलाइन भाग घ्यावा, अशी सोय होती. केंद्र काढणाऱ्या संस्थेला प्रमाणपत्र मिळणार होतं. मला ते भिंतीवर लावायचं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही तिघं होतो. मी, अण्णा आणि जयसिंगपूरचे चौगुले सर. सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. एसटीनं यायचे, हातात नेहमी प्लॅस्टिकची फाइल. आमचा प्रश्न सरळ होता. मराठीत लिहिलेला ई-मेलचा पत्ता तयार करता येतो, पण कुठल्याही फॉर्ममध्ये घातला की चूक दाखवतं. याकडे कोण बघतंय? सरांनी तो छान इंग्रजीत लिहिला आणि पडद्यावरच्या चौकटीत टाकला. 'तुमचा प्रश्न मिळाला' असं उत्तरही लगेच आलं.

सभा युरोपात होती, त्यामुळे आमच्याकडे दुपारी दीडला सुरू होई. दोन दुपारी आम्ही बसून राहिलो. हॉलमधला एक माणूस माईकपाशी येई, बोले, त्याला दुसरा उत्तर देई, तिसरा विनोद करी. हॉलमधल्या माईकपुढची रांग आम्हाला दिसत होती. आमची रांग कुणालाच दिसत नव्हती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ऑनलाइन काही प्रतिक्रिया आल्या आहेत, त्यांची नोंद घेऊ," आणि सगळे चहाला उठले.

सरांनी फाइल मिटली. मी मनात प्रमाणपत्राची चौकट किती मोठी घ्यावी याचा विचार करत होते. अण्णा तसेच बसून होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बाई, ह्यांनी बुकिंग घेतलं का न्हाई?"

"घेतलं."

"मिळालं म्हणून सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं."

"मग लाईन कुठाय? बुकिंग घेतलं की लाईन द्यायची. द्यायची नसंल तर पार्टीला सांगायचं, की बाबा, आज लाईन न्हाई, घरला जा. गप बसायचं न्हाई. आमी असं केलं असतं तर लोकांनी एक्स्चेंजवर दगडं मारली असती."

त्या दिवसापासून हे काम अण्णांचं झालं. प्रमाणपत्र आलं, मी लावलं, माझ्यापुरतं काम संपलं होतं. त्यांच्यापुरतं सुरू झालं होतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या मागच्या खोलीचं एक्स्चेंज केलं. जुन्या परीक्षेच्या पेपरांचे चार-चार तुकडे करून चिठ्ठ्या पाडल्या. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधली आणि घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. सभेत ऑनलाइन कुणी हात वर केला की त्याचं नाव, गाव, वेळ चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी सुतळीवर. कोण आधी आला, कुणाची लाईन गेली, कोण परत आला, हे सगळं एका नजरेत दिसायचं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सभेच्या लोकांकडे त्यांची यादी असणारच, असं मी म्हटलं. "असंल," अण्णा म्हणाले, "पर दिसत न्हाई. न दिसणारी रांग म्हंजे वशिला."

ड्युटीवर असताना ते चहा घेत नसत. हेडफोनचे कान स्पिरिटच्या कापसानं पुसत, आधी आणि नंतर. नावाचं स्पेलिंग सांगायची त्यांची जुनी पद्धत होती आणि परदेशी माणसासाठीही त्यांनी ती बदलली नाही. आजऱ्याचा ए, जयसिंगपूरचा जे, नरसोबाच्या वाडीचा एन.

"अण्णा, त्या लोकांना आजरा काय माहीत?"

"म्हाईत नसंना. अक्षर पोचतंय की."

आणि खरंच पोचत होतं. बोलणं जसंच्या तसं पडद्यावर उमटवायची सोय त्या सभेत होती. तिथं आमच्या गावाचं नाव आधी तीन वेळा तीन तऱ्हांनी आलं होतं. अण्णांनी अक्षरं सांगितल्यावर नीट 'कोल्हापूर' आलं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं.

चौगुले सरांचं आणि त्यांचं रोज वाजायचं. सर सात मिनिटांचं भाषण लिहून आणत. सुरुवात 'माननीय अध्यक्ष आणि जगभरातून जमलेले मान्यवर' अशी. अण्णा पेन्सिल घेऊन बसत.

"सर, हे माननीय कशाला? लाईन खराब असली तर माननीय पोचतंय आनि प्रश्न ऱ्हातोय. आदी गाव, मग नाव, मग काम."

"अहो मगदूम, भाषेला काही रीत असते."

"रीत हाय. खराब लाईनीची येगळी हाय."

सात मिनिटांची दोन मिनिटं होत. सर रागावून जयसिंगपूरची गाडी धरत आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

त्याच वर्षी ती भानगड झाली. एका देशाचे कुणी मोठे पाहुणे बोलत होते. प्रत्येकाला तीन मिनिटं, असं अध्यक्षांनी आधी सांगितलेलं होतं. त्यांच्यानंतर ऑनलाइनवाल्यांची पाळी, त्यात कोल्हापूर. थोड्याच वेळापूर्वी 'कोल्हापूर हजर' म्हणून आमचा आवाज तपासून झाला होता आणि माईक बंद करायचा राहिला होता. तो कुणाकडून राहिला ते सांगते. माझ्याकडून. माझं लक्ष त्या वेळी वर्गातल्या प्रिंटरकडे होतं.

अण्णांच्या एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या मनगटावर घड्याळ. पाहुण्यांची तीन मिनिटं भरली. आणि तीस वर्षांच्या सवयीनं अण्णा त्या खडखडीत आवाजात म्हणाले, "थ्री मिनिट्स ओव्हर, सर. एक्स्टेंड?"

परदेशातल्या त्या भल्या मोठ्या हॉलच्या चारी कोपऱ्यांतून आवाज घुमला. पाहुणे थांबले. त्यांनी वर छताकडे बघितलं. मग "नको, नको, संपलंच आहे" असं काहीसं पुटपुटत ते चक्क खाली बसले. मागच्या रांगांत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"अण्णा, माईक!" मी ओरडले.

अण्णांनी शांतपणे चिठ्ठीवर लिहिलं, 'वाढवलं नाही.'

पाहुण्यांची वाचलेली मिनिटं ऑनलाइनवाल्यांना मिळाली आणि दोघं जास्तीचे बोलले. कोल्हापूर त्यात नव्हतं. आमचा माईक त्यांनी तिकडून बंद करून टाकला होता.

अण्णांच्या घरी ही बातमी मी सांगितली. त्यांच्या पत्नी, शांताअक्का, ज्वारी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "परदेशातल्या पावण्याला सोडलं न्हाई, मग माझी काय कथा! चाळीस वर्सं झाली, तीन मिनिटाच्या वर बोलू दिलं न्हाई मला."

"एक्स्टेंड मागायचं की," अण्णा म्हणाले.

दोन दिवसांनी सभेच्या कार्यालयाचं पत्र आलं. असं पुन्हा झालं तर केंद्राची नोंदणी रद्द होईल. चौगुले सरांना ते फार लागलं. त्यांनी चार परिच्छेदांची माफी लिहून आणली. अण्णांनी दोन ओळी ठेवल्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. आणि खाली स्वतःच्या दोन सूचना घातल्या. एक, हॉलमधला एक बोलला की पुढचा लाईनवरचा, असं आलटूनपालटून घ्यावं. दोन, बोलणाऱ्याची लाईन तुटली तरी त्याची पाळी जाऊ नये.

"माफीच्या पत्रात सूचना?" सर म्हणाले.

"पत्र उघडणार हायतच न्हवं? मग त्येच्यातनंच जाऊ दे."

उत्तर आलं ते एलेना नावाच्या बाईचं. ऑनलाइनवाल्यांची व्यवस्था ती बघत असे. तिनं लिहिलं होतं की पाहुण्यांना तीन मिनिटांवर थांबवावं असं तिच्याही मनात होतं, पण हे तुम्ही कुणाला सांगू नका. सूचना चांगल्या आहेत, पण मला लिहून उपयोग नाही. शेवटच्या दिवशी सभा कशी चालली यावर खुली चर्चा असते. तिथं जे तोंडानं बोललं जातं तेच अहवालात येतं आणि पुढच्या वर्षीचे नियम अहवालावरून ठरतात. पुढच्या वर्षी त्या चर्चेत बोला. कोल्हापूरला दोन मिनिटं धरून ठेवते.

ते पत्र अण्णांनी घडी करून खिशात ठेवलं आणि वर्षभर बाळगलं.

त्या वर्षात त्यांचा डावा कान गेला. हेडफोनचा कान, तीस वर्षांचा. उजवाही उतरणीला लागला होता. डॉक्टरांनी यंत्र दिलं, त्यातून पंख्याचाच आवाज जास्त येतो म्हणून ते डब्यात गेलं. तिसऱ्या वर्षीची सभा जवळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "औंदा न्हाई तर न्हाईच, बाई. फुडल्या साली मला ऐकायलाच यायचं न्हाई. मग बुकिंग घेऊन काय करू?"

मी म्हटलं, मी बोलते तुमच्या वतीनं. चौगुले सर म्हणाले, "नाही. मगदूमच बोलतील. आवाज तोच पाहिजे." सरांकडून हे आलं म्हणजे विषय संपला.

दोन सूचना, दोन मिनिटं. अण्णांनी मजकूर इतका कातरला की घड्याळ लावून वाचला तर एक मिनिट चाळीस सेकंद. वीस सेकंद लाईनीच्या नखऱ्याला. तो कागद त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवला, म्हणजे हातात फडफडायला नको.

सभेचे पहिले तीन दिवस ते सुतळीपाशी होते. ऐकण्याचं काम आता पडद्यावरच्या अक्षरांवर चाले आणि बोलण्याचं तिथल्या लिहायच्या चौकटीत. तार खात्याच्या वळणानं, सगळी अक्षरं मोठी. 'तुमचा नंबर सहा. थांबा.' 'तुमच्या पुढे दोन.' ऑनलाइन आलेल्या लोकांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते सभेच्या लोकांना सोडून कोल्हापूरला विचारू लागले, माझा नंबर किती? एलेना ते बघत असणार. तिनं अडवलं नाही.

त्यांत टेरेसा नावाची एक नर्स होती, पॅसिफिकमधल्या एका लहानशा बेटावरची. तिचा नंबर रोज लागायचा आणि रोज तिची लाईन जायची. पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली आणि 'नमस्कार'च्या पुढे काही आलं नाही. अण्णा तिला दर वेळी लिहायचे, 'चिठ्ठी जपून ठेवली आहे.' शेवटच्या दिवशी तिनं आपला प्रश्न सकाळीच त्या चौकटीत लिहून पाठवला. लाईन गेलीच तर असू द्यावा म्हणून. अण्णांनी तो चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि सुतळीला लावला. शेजारी कोल्हापूरची चिठ्ठी.

खुली चर्चा सुरू झाली. हॉलमधले लोक नेहमीसारखे ऐसपैस बोलले. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "वेळ संपत आलाय. ऑनलाइनपैकी आता दोघांनाच घेता येईल." दोघं म्हणजे टेरेसा आणि आम्ही. मी अण्णांना बोटानं दाखवलं. त्यांनी मान हलवली, पुठ्ठा समोर ओढला, घसा साफ केला. चौगुले सरांनी पंखा बंद केला.

टेरेसाचं नाव पुकारलं गेलं. पडद्यावर तिच्या नावाशेजारी चक्र फिरत राहिलं. मग नावच गेलं. अध्यक्ष दोन-तीन सेकंद थांबले. "पुढे जाऊ या. कोल्हापूर, दोन मिनिटं."

अण्णांनी माईक उघडला. पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठून सुतळीवरची टेरेसाची चिठ्ठी काढली आणि इंग्रजीत बोलले. साधं, तुटक, एक्स्चेंजचं इंग्रजी. "कोल्हापूर बोलतोय. माझ्या आधी टेरेसाबाईंचं बुकिंग आहे. त्यांची लाईन तुटली आहे. त्यांचा निरोप माझ्याकडे आहे. देतो."

आणि वाचला. "आमच्या बेटाला एकच केबल आहे. ती तुटली की आमच्या दवाखान्याला मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलता येत नाही. केबल जोडणारं जहाज पाळीनं येतं असं आम्हाला सांगतात. ती पाळी कोण लावतं? आमचा नंबर कितवा? हे आम्ही कुणाला विचारायचं?"

एक मिनिट झालं नव्हतं. मी पुठ्ठा उचलून त्यांच्यापुढे धरला. आमची एक सूचना तरी बसत होती. अण्णांनी पुठ्ठा हातानं बाजूला केला आणि म्हणाले, "निरोप पुन्हा वाचतो."

पुन्हा वाचला. पहिल्या अक्षरापासून, त्याच चालीत, एकही शब्द न गाळता.

"निरोप समाप्त. कोल्हापूर थांबलंय," ते म्हणाले आणि दोन मिनिटांची घंटा वाजली. आमचा माईक बंद झाला.

चौगुले सरांनी पंखा पुन्हा सुरू केला. मग म्हणाले, "मगदूम, तीन वर्षं."

"व्हय," अण्णा म्हणाले.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "अण्णा, एकदा वाचलंत ते ठीक. माणुसकी झाली. दुसऱ्यांदा वाचायची काय गरज होती? तेवढ्यात आपलं होत होतं की!" मला उजव्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं, त्यामुळे राग होता त्याहून मोठा वाटला असेल.

"निरोप दोनदाच वाचायचा असतो, बाई. एकदा वाचला तर ऐकायचा का न्हाई हे समोरच्याच्या मर्जीवर ऱ्हातंय. दोनदा वाचला की त्येला न्हाई म्हणायला तोंड नसतंय."

"आणि आपलं?"

"आपलं नंतर. आदी त्येंचं बुकिंग हुतं."

पडद्यावर हॉलमध्ये थोडी गडबड दिसत होती. याचं उत्तर इथं कुणाकडे आहे का, असं अध्यक्ष विचारत होते. दोन हात वर झाले. उत्तरं काय आली ती गोंधळात नीट समजली नाहीत, पण दोघंही जण चर्चा संपल्यावर एलेनाच्या टेबलापाशी जाऊन काहीतरी लिहून देताना दिसले.

दहा-बारा मिनिटांनी टेरेसा परत आली. लिहिलं, 'माझी पाळी गेली का?'

अण्णांनी एका बोटानं टाइप केलं, 'नाही. निरोप दोनदा दिला. दोन हात वर.'

मग त्यांनी हेडफोन पुसले, चिमटे मोजून पिशवीत भरले, सुतळी गुंडाळली. मला कुलूप लावायचं होतं. पण तिकडच्या लोकांनी प्रक्षेपण बंद केलेलं नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये एक माणूस टेबलांवरचे ग्लास गोळा करत होता. अण्णा पडद्यासमोर बसून राहिले. त्यानं शेवटचा ग्लास उचलला, दिवे गेले, पडदा काळा झाला, तेव्हा अण्णा उठले. चौगुले सरांची गाडी चुकली. ते मुक्कामाला अण्णांकडेच गेले.

काही महिन्यांनी अहवाल आला. टेरेसाचा प्रश्न त्यात होता आणि तो दोनदा छापलेला होता. लिहून घेणाऱ्यानं इमानेइतबारे दोन्ही वेळचा उतरवला होता. खाली 'कोल्हापूर केंद्राने वाचला' अशी ओळ. आमच्या दोन सूचनांचा कुठं उल्लेख नव्हता. असणार कसा? त्या बोलल्याच गेल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी आम्ही केंद्र नोंदवलं नाही. सरांचे गुडघे आणि अण्णांचे कान, दोन्ही राजी नव्हते. तरी एलेनानं नव्या सभेची नियमावली मला पाठवली. वरती एकच ओळ, 'मगदूम यांना दाखवा.' तेरावं कलम असं होतं: ऑनलाइन वक्त्याची लाईन तुटल्यास त्याची पाळी राखून ठेवावी, तो परत न आल्यास त्याचा लेखी मजकूर सभेत वाचून दाखवावा. हे कोल्हापूरमुळे झालं असं मी कुठंही म्हणत नाही. त्या लोकांच्या मनात ते आधीपासूनही असेल. आलटूनपालटून बोलू देण्याची सूचना मात्र सगळी नियमावली दोनदा चाळली तरी सापडली नाही.

सकाळची वेळ होती. मी अण्णांच्या घरच्या फोनवर फोन लावला. ऐकू येत नसलेल्या माणसाला फोन करणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पण शांताअक्का उचलतील असा माझा हिशेब होता. त्या घरात नव्हत्या. अण्णांनी फोनला एक लाल दिवा बसवून घेतला होता. एक्स्चेंजच्या बोर्डावर कॉल आला की दिवा लागायचा, तसा. तो लागल्यावर त्यांनी उचलला.

"बोला, कोल्हापूर."

"अण्णा, मी बोलतेय."

"ऐकायला येत न्हाई. पर लाईन चालू हाय. बोला तुम्ही."

"अण्णा, नियमावली आलीय. पाळी जात नाही आता."

"बोला, बोला."

आणखी दोनदा ओरडून झालं. वर्गातली मुलं माझ्याकडे बघायला लागली. मग मी हातातल्या मोबाइलवर ते कलम टाइप केलं आणि त्यांच्या मोबाइलवर पाठवलं. पलीकडे फोनजवळच तो ठेवलेला असणार. टिंग वाजलेलं मला ऐकू आलं, त्यांना नाही. पण उजेड दिसला असावा. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग अण्णांनी कलम वाचलं. मोठ्यानं, सावकाश, एक्स्चेंजच्या चालीत. संपलं. थोडं थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"पोचलं," ते म्हणाले. "आनि एक हॉलमधला, एक लाईनवरचा? त्येचं काय?"

मी 'नाही' एवढंच टाइप केलं. टिंग.

"बरं. मग तेवढं बुकिंग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. अकराची बॅच आत येऊन बसली होती, सोळा मुलं, मशीन सुरू करायची होती. "बरं अण्णा, ठेवते," मी म्हटलं आणि ठेवला.

अण्णांशी ते माझं शेवटचं बोलणं. त्या पावसाळ्यात ते गेले.

त्या फोनच्या दिवशी बॅच सुटल्यावर, दुपारी एकच्या सुमाराला, शांताअक्का आल्या असतील म्हणून मी पुन्हा फोन लावला होता. एंगेज लागला.